साठ डिग्रीवर मिकालचा स्वेटर

सोल्फ्रिदला फ्रीजरमध्ये स्वेटर सापडला, तेव्हा ती ओरडली वगैरे नाही. तिने आधी तो नीट पाहून घेतला. कॉड माशाच्या पाकिटांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला, निळा, लोकरीचा, भलामोठा स्वेटर. फ्रीजरचं दार रात्री कुणीतरी नीट लावलं नव्हतं, मासे वितळले होते, आणि एका फुटक्या पाकिटातलं पाणी पिशवीत शिरलं होतं, ते स्वेटरने मनसोक्त पिऊन घेतलं होतं. ती शांतपणे स्टुलावर बसली आणि मनाशी म्हणाली, ‘म्हणजे सुरुवात झाली.’

सुरुवात कसली, तर नवऱ्याच्या विसराळूपणाची. आयलर्ट ग्रोसुंदच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. मागच्या महिन्यात त्याचा चष्मा पावाच्या डब्यात सापडला होता. त्यानंतर एकदा तो पायांत दोन वेगळे बूट घालून धक्क्यावर जाऊन आला होता, आणि वर ‘लोक आज फार बघतात’ अशी तक्रार करत होता. सोल्फ्रिदच्या बहिणीच्या नवऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. तो वर्तमानपत्र ओव्हनमध्ये ठेवायचा. आता आपलं माणूस स्वेटर फ्रीजरमध्ये ठेवायला लागलं. अशा माणसाला विचारून लाजवू नये, गुपचूप धुवावं, गुपचूप कपाटात ठेवावं आणि गुपचूप डॉक्टरांना फोन करावा, असं तिने ठरवलं.

आता, वाचायला शिकण्याआधी विणायला शिकलेल्या बाईला लोकर गरम पाण्यात टाकू नये हे काय सांगायला हवं? पण त्या दिवशी तिचं लक्ष स्वेटरमध्ये नव्हतं, आयलर्टच्या डोक्यात होतं. माशाच्या पाण्याने भिजलेली फडकी, टॉवेल आणि स्वेटर असा सगळा बोळा तिने मशीनमध्ये कोंबला, लिंबाच्या वासाची पावडर ओतली, साठ डिग्रीचं बटण दाबलं आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला गेली.

आयलर्ट दुपारी घरी आला तो थेट फ्रीजरकडे गेला.

“माझी पिशवी कुठं गेली?”

“कुठली रे पिशवी?” सोल्फ्रिद लहान मुलांशी बोलतात तशा आवाजात म्हणाली.

“फ्रीजरमधली. निळं काहीतरी होतं बघ त्यात.”

“आयलर्ट, तू जरा बस. आज वार कोणता?”

“गुरुवार. का?”

“आणि आपला पंतप्रधान कोण?”

आयलर्टने पंतप्रधानाचं नाव सांगितलं. त्याच्या पक्षाबद्दलचं आपलं मतही सांगितलं, ते नेहमीपेक्षा जरा सविस्तरच होतं. सोल्फ्रिदचा जीव थोडा भांड्यात पडला.

“मग शहाण्यासारखं सांग, स्वेटर फ्रीजरमध्ये का ठेवलास?”

“कसर लागली होती म्हणून. गारठवलं की कसर मरते. सगळी मोठी संग्रहालयं तेच करतात. आमच्या संग्रहालयात फ्रीजर नाही, म्हणून घरी आणला.” मग त्याचा आवाज बदलला. “सोल्फ्रिद, मिकालचा स्वेटर कुठाय?”

सोल्फ्रिदने खिडकीकडे बोट केलं. बाहेर दोरीवर टॉवेल वाळत होते. दोन टॉवेलांच्या मध्ये पाच-सहा वर्षांच्या पोराला बेताचा होईल असा एक निळा स्वेटर वाऱ्यावर कडक उभा होता. हलतसुद्धा नव्हता.

मिकाल म्हणजे ग्रोसुंदचा एकमेव प्रसिद्ध माणूस. जहाजांना खडकांतून वाट दाखवणारा वाटाड्या. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका हिवाळी वादळात तो एकटा होडी घेऊन गेला आणि बुडत्या जहाजावरची सगळी माणसं घेऊन परत आला. माणूस अंगाने राक्षसच असणार, यात गावात कुणालाही शंका नव्हती, कारण त्याचा स्वेटर धक्क्यावरच्या सागर संग्रहालयात होता आणि तो घालायला शहरातून खास मापाचा, दारातून तिरका करून आत न्यावा लागला असा पुतळा मागवावा लागला होता. आयलर्ट त्या संग्रहालयाचा बिनपगारी प्रमुख होता. बाकी तिथे जाळी होती, डांबराची पिंपं होती, आणि देवमाशाचा एक मणका होता. तो मणका आयलर्टने एकदा दिवाणखान्यात वाळत घातला होता. तेव्हापासून संग्रहालयातली वस्तू घरी आणायची नाही, असा सोल्फ्रिदचा नियम होता. म्हणूनच त्याने स्वेटरबद्दल तिला काही सांगितलं नव्हतं.

“अगं, परवा त्या बाई येणारेत!” आयलर्ट म्हणाला.

त्या बाई म्हणजे विबेके. बर्गनच्या मोठ्या संग्रहालयातल्या जुन्या कपड्यांच्या तज्ज्ञ. ग्रोसुंदमध्ये माणसं थोडी आणि बघण्याची ठिकाणं तीन: काचेच्या भिंतींचं कलादालन, सार्डिन माशांच्या डब्यांच्या कारखान्याचं संग्रहालय, आणि हे. तिन्ही पोसणं नगरपालिकेला जमत नव्हतं. एक बंद करायचं होतं, आणि कोणतं ते सुचवायला बाहेरचं माणूस बोलावलं होतं, म्हणजे गावात कुणी कुणाशी बोलायचं सोडणार नाही. कलादालनाच्या इमारतीला बक्षीस मिळालं होतं. कारखान्यात डबे बंद करणारं यंत्र होतं आणि पोरांना ते फार आवडायचं. सागर संग्रहालयाकडे मिकाल होता.

त्या संध्याकाळी नवराबायकोने स्वेटर कोमट पाण्यात भिजवला, केसांना लावायचं मऊ करणारं औषध चोळलं आणि दोघांनी दोन बाह्या धरून ओढल्या.

“ओढ.”

“ओढतेच आहे. तूच धरून ठेवतोयस.”

“खांद्याकडून ओढ ना!”

“खांदा आहेच कुठं आता?”

बाह्या वाढल्या. अंग तेवढंच राहिलं. अंगाने बुटक्या पण हाताने फार लांब अशा कुणाचा तरी तो स्वेटर आहे, असं आता दिसू लागलं. दोघांनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि कॉफी ठेवली.

“असाच मोठा निळा दुसरा विकत मिळतो,” सोल्फ्रिद कपाकडे बघत म्हणाली. “नाहीतर मीच—”

“सोल्फ्रिद.”

“मी फक्त म्हटलं.”

आयलर्ट उभ्या आयुष्यात खोटं बोलला नव्हता. स्वतःच्या मुलाला त्याने स्वतःच्या वर्गात नापास केलं होतं. लग्नानंतर सासूने विचारलं, मटण कसं झालंय, तेव्हा त्याने तेही सांगितलं होतं. “जे झालं ते मी परवा त्या बाईंना सांगणार,” तो म्हणाला. “पहिल्याच वाक्यात. बंद झालं तर झालं.” मग तो बराच वेळ खिडकीतून धक्क्याकडे बघत बसला. सोल्फ्रिदने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

शनिवारी सकाळी त्याने उघड्या अंगाचा पुतळा ओढत मागच्या खोलीत नेऊन ठेवला आणि काचेच्या टेबलात तो छोटा स्वेटर पसरला. सोल्फ्रिदने वॉफल केले होते. आंबट साय होती, जॅम होता, तपकिरी चीज होतं. बारा वाजायच्या सुमारास विबेकेबाई आल्या. उंच, केस आखूड, गळ्यात भिंग. त्यांना घेऊन नगरपालिकेचा टूर्गेर आला होता. हा आयलर्टचा जुना विद्यार्थी. वर्गातही तो असाच घड्याळाकडे बघत बसायचा.

आयलर्टने घसा साफ केला. “पहिल्यांदा मला एक सांगायचंय. हा स्वेटर—”

“थांबा.” विबेकेबाई टेबलावर ओणवल्या. भिंग डोळ्याला गेलं. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “हा लहान मुलाचा आहे.”

“नाही, म्हणजे आता आहे, पण—”

“आणि मुद्दाम आटवलेला. बघा ना, टाके दिसतच नाहीत. लोकर जमून नुसतं जाड कापड झालंय. वारा शिरणार नाही, पाणी शिरणार नाही. कोळ्यांचे हातमोजे असेच करायचे, मोठे विणायचे आणि गरम पाण्यात आटवायचे. पण अख्खा स्वेटर? तोही पोराचा? मी इतकी वर्षं म्हणतेय की असे असणार. कुणी ऐकत नाही.”

“अहो, तो माझ्या बायकोने आटवला,” आयलर्ट म्हणाला. “मशीनमध्ये.”

विबेकेबाई सरळ झाल्या आणि त्यांनी सोल्फ्रिदकडे अशा नजरेने पाहिलं की सोल्फ्रिदने नकळत ॲप्रन नीट केला.

“म्हणजे तुम्हाला हे अजून येतं?”

“येतं कसलं,” सोल्फ्रिद म्हणाली. “साठ डिग्रीवर घालायचा. झालं.”

“ऐकलंत?” विबेकेबाई टूर्गेरला म्हणाल्या. “जिवंत आहे. इथं ही कला अजून जिवंत आहे. आणि वर किती साधेपणानं सांगतात!”

“बाई, तुमचा गैरसमज होतोय,” आयलर्टचा आवाज चढला. “हा आधी मोठा होता!”

“हो, तसा मोठाच विणतात. मी तेच म्हणतेय.”

“बाह्या आम्ही ओढून लांब केल्या!”

“अर्थात. पोर वाढतं. दुमडून घालायच्या, वाढलं की सोडायच्या.” त्यांनी आयलर्टचा हात दोन्ही हातांत घेतला. “मी खूप गावं फिरते. वस्तू सगळेच दाखवतात. ती कशी करायची हे माहीत असलेलं जोडपं मला पहिल्यांदा भेटलं.”

आयलर्टने तोंड उघडलं. त्यात सोल्फ्रिदने वॉफल घातला नाही, पण ताटली पुढे केली, आणि माणूस ताटली हातात घेऊन फार काळ भांडू शकत नाही. टूर्गेरने स्वेटरचा फोटो काढला. त्यानंतर त्याने घड्याळ बघितलं नाही.

मंगळवारी गावच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर स्वेटर होता. ‘समुद्रावर जाणाऱ्या चिमुकल्याचा स्वेटर’, आणि खाली सोल्फ्रिदचा फोटो: ‘परंपरा जपणाऱ्या’. मिकालचा मोठा स्वेटर पुतळ्यासकट मागच्या खोलीत जपून ठेवला असणार, असं गावाने आपणच धरून घेतलं. नगरपालिकेने ठरवलं, सागर संग्रहालय राहणार. कलादालन आणि कारखाना एकाच छताखाली आणणार. म्हणजे डबे बंद करायचं यंत्र आता चित्रांच्या मधोमध ठेवणार होते. कलादालनाच्या व्यवस्थापकांनी आयलर्टला रस्त्यात पाहून मान वळवली.

आयलर्ट टूर्गेरच्या कार्यालयात गेला.

“टूर्गेर, ते सगळं खोटं आहे.”

“तुम्ही खोटं बोललात का?”

“नाही!”

“मी बोललो का?”

“नाही.”

“मग कोण बोललं?”

“कुणीच नाही. म्हणून तर काय करावं ते कळत नाहीये.”

“आयलर्ट,” टूर्गेर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, उत्तर बरोबर आलं की पाटी खाली ठेवायची.”

“मी शिकवलं होतं की रीत दाखवल्याशिवाय गुण मिळणार नाहीत.”

“म्हणूनच मला कमी पडले,” टूर्गेर म्हणाला आणि फोन घेतला.

बर्गनला फोन लावला तर विबेकेबाई प्रवासात. त्यांनी निरोप मात्र ठेवला होता: स्वेटरच्या लोकरीचा एक धागा तपासायला पाठवा, म्हणजे तो नेमका किती जुना ते कळेल. आयलर्टला हायसं वाटलं. लोकर जुनी निघणार, मिकालच्या काळातली. निदान तेवढं तरी खरं राहणार. पण धागा काढायचा तर स्वेटर देणारीला विचारायला हवं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं. स्वेटर दिला होता मिकालच्या नातीने, बोर्घिल्डआजीने. नव्वदी ओलांडलेली बाई. गावाच्या टोकाला, समुद्राच्या काठी, एकटी राहायची.

दोघं रविवारी केक घेऊन गेली. आजीने दार उघडलं. तिच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि चेहरा पांढराफटक होता.

“या,” ती म्हणाली. “मला वाटलंच होतं, तुम्ही याल.”

“आजी, आम्हाला तुम्हाला काहीतरी सांगायचंय,” आयलर्टने सुरुवात केली.

“काही सांगू नकोस. बस. सापडला ना तुम्हाला? कुठं सापडला? होड्यांच्या खोपटात? मला वाटलं, उंदरांनी कधीच खाल्ला.”

“काय सापडला?”

“अरे, आजोबांचा स्वेटर!” आजी खाली बसली. “खरा. मीच उकळला होता तो. संग्रहालय निघालं तेव्हा शाळेतली, चर्चमधली, सगळी मंडळी आली, म्हणाली, बोर्घिल्ड, स्वेटर दे. म्हटलं, असा घाणेरडा कसा द्यायचा? डांबराचा वास येत होता. म्हणून चुलीवर पातेलं ठेवलं.”

सोल्फ्रिदने टेबलाची कड धरली.

“एवढासा झाला,” आजीने हाताने दाखवलं. “मी आठवडाभर रडले. मग लोकांना म्हटलं, वसंतात देते. दुकानातून निळी लोकर आणली, अख्खा हिवाळा पडदे लावून विणत बसले. तोच तुम्ही पुतळ्याला घातलात.”

“पण केवढा मोठा विणलात, आजी!” सोल्फ्रिदच्या तोंडून निघून गेलं.

“मग काय करू? आजोबा कसले धिप्पाड? माझ्या आजीच्या खांद्याला लागायचे. पण ती वादळाची गोष्ट ऐकून लोकांना मोठा माणूस हवा होता. म्हटलं, लोकरच वापरायचीय तर कंजूषपणा कशाला?”

मग आयलर्टने सांगितलं. फ्रीजर, कसर, कॉड, साठ डिग्री, बाह्या, वॉफल, सगळं, रीतीसकट. आजी ऐकत राहिली. शेवटी तिने सोल्फ्रिदकडे पाहिलं.

“म्हणजे हा माझा विणलेला?”

“हो, आजी. माझ्या हातून झालं. माफ करा.”

“दुकानदार म्हणाला होता, ही लोकर कधी आटत नाही,” आजी म्हणाली. “लबाड मेला.” आणि ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग खुर्ची. सोल्फ्रिदही हसायला लागली. दोघी एकमेकींचा हात धरून इतक्या हसल्या की केक कापायचा राहिला. आयलर्ट हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे तो धागा होता. धागा बर्गनला गेला की लोकर दुकानातली निघणार, आणि त्याच्याबरोबर आजीचा तो हिवाळाही बाहेर येणार.

“मग खऱ्याचं काय झालं पुढं?” सोल्फ्रिदने डोळे पुसत विचारलं.

“भाचा होता माझा, पाच-सहा वर्षांचा. त्याला दिला. दोन हिवाळे तो घालून धक्क्यावर मासे धरत बसायचा. वारा म्हणून शिरत नव्हता आत. मग खोपटात टाकला, पुढं माहीत नाही.” हसता हसता आजी थांबली. तिने आयलर्टच्या मनगटावर हात ठेवला. “तू सांगणारच ना सगळ्यांना? तू तसलाच आहेस. मी अडवत नाही. फक्त मी आहे तोवर थांब. इतकी वर्षं गावाने मला मिकालची नात म्हणून मान दिला. शेवटी शेवटी पातेलंवाली म्हणून नको. मी गेले की दुसऱ्या दिवशी सांग. मी कितीशी राहणार आता?”

आयलर्ट तिच्या हाताकडे बघत राहिला. लहानसा, सुरकुतलेला, सुया धरून धरून वाकडा झालेला. “बरं,” तो म्हणाला. सासूच्या मटणाबद्दल जे त्याला जमलं नव्हतं, ते त्याला त्या दिवशी जमलं.

त्याने बर्गनला कळवलं की स्वेटरला आधीच पुष्कळ सोसावं लागलंय, आता आणखी एकही धागा काढता येणार नाही. यात खोटं काही नव्हतं. विबेकेबाईंना हा बाणेदारपणा इतका आवडला की त्यांनी ती हकिकत आपल्या भाषणात सांगितली. तेव्हापासून उन्हाळ्यात जहाजं लागली की प्रवासी आधी सागर संग्रहालयात येतात. सोल्फ्रिद दर गुरुवारी स्वेटर आटवायचा वर्ग घेते. गावातल्या बायकांनी नवऱ्यांचे स्वेटर आटवून नातवंडांना घातलेत. नवऱ्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.

आयलर्ट काचेच्या टेबलापाशी उभा राहून माहिती सांगतो आणि प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेतो. “हा स्वेटर ग्रोसुंदच्या बाईने ग्रोसुंदमध्ये विणला. ग्रोसुंदच्याच बाईने तो आटवला. या गावातला एक लहान मुलगा असाच स्वेटर घालून या धक्क्यावर खरोखर मासे धरत असे.” पुढे कुणी विचारलं, किती वर्षांपूर्वीचा हो, की तो म्हणतो, “जे विचारायचं ते विचारा, पण मला माहीत आहे तेवढं सगळं मी आज सांगणार नाही.” प्रवाशांना हे गूढ वाटतं. काही जण टिपून घेतात.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. परवा उन्हाळ्याचे पहिले पाहुणे आत येत होते, तेव्हा आयलर्ट खिडकीतून बाहेर बघत होता. समोर धक्क्याच्या पायऱ्यांवरून बोर्घिल्डआजी पोहण्याच्या कपड्यांत उतरत होती. पाणी असं होतं की तरणी पोरंसुद्धा पायाचा अंगठा बुडवून परत फिरली होती. आजीने उडी मारली, थोड्या वेळाने बरीच लांब वर आली, आणि संग्रहालयाच्या खिडकीकडे बघून जोरात हात हलवला.

आयलर्टनेही हात हलवला. मग तो पाहुण्यांकडे वळला आणि म्हणाला, “तर, हा स्वेटर...”